निशीच्या सोबतीचं कार्ड

मरीन परेड, सिंगापूर
२ फेब्रुवारी २०२५

आ. दादाराव भाऊ यांस,

बेबीचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही इकडे जगून आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते.

कारखान्यातल्या मशीनींनी तुमचे कान नेले, त्याची शिक्षा मला का? फोनवर मी बोंबलते, तुम्ही हो हो म्हणता, आणि मग तुमची सून अनघा सांगते की बाबांना काही ऐकू आलं नाही. म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नका. जान्हवी कागदाचा फोटो काढून अनघाच्या फोनवर पाठवेल. जान्हवी वाचेल म्हणाल तर वाचू दे. माझ्या सुनेच्या तोंडावर बोलते तेच कागदावर लिहिते, वेगळं काही राखलेलं नाही.

निशीचं सांगायचं आहे. तुम्ही तिला पाहिलं तेव्हा ती तुमच्या मांडीवर मावत होती. तुमची नात निशिगंधा आता चौदाची झाली, माझ्याहून टीचभर उंच. बोलणं मात्र तेवढंच आहे, आज्जी, पाणी, नको. पण अंगात ताकद बाईची आली. मनासारखं झालं नाही की भिंतीवर कपाळ आपटते. हॉलमध्ये एके ठिकाणी भिंतीचा रंग उडाला, तिथे उज्ज्वलने कॅलेंडर लावलं. मी म्हटलं, अरे पोरा, भिंतीला कशाला, तिच्या कपाळाला लाव. तो हसला नाही. हल्ली तो काही बोलतच नाही. ऑफिसातून येतो, जेवतो, आणि लॅपटॉप उघडून बसतो.

निशी एकाच गोष्टीने शांत होते, पाण्याने. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली की हूं नाही की चूं नाही, आणि पुढचे काही दिवस भिंतीकडे जात नाही. आमच्या बिल्डिंगीला, काँडो म्हणतात इकडे, खाली स्विमिंग पूल आहे, पण पाण्यात उतरताना ती आनंदाने किंचाळते. कोणीतरी तक्रार केली. मॅनेजर वर आला, फार गोड बोलला, दहादा सॉरी म्हणाला, आणि सांगून गेला की इतर लोक नसतील तेव्हा आणा. इतर लोक कधी नसतात ते काही त्याने सांगितलं नाही.

म्हणून आता आम्ही अशा मुलांच्या एका सेंटरला जातो. तिथे कोमट पाण्याचा हौद आहे. बरोबरच्या माणसाने पाण्यात उतरायचं, कपडे बदलायचे, अंग पुसायचं, सगळं त्यानेच करायचं. जान्हवीला रजा नाही, तेव्हा मीच उतरते. भाऊ, या वयात मी मनगटापासून घोट्यापर्यंत काळा रबरी झगा चढवून पाण्यात उभी राहते. डबक्यात म्हैस बघा. हसून घ्या.

तर मुद्दा असा. बरोबरच्या माणसाला आत सोडतात ते कार्डावर. त्याला सोबतीचं कार्ड म्हणतात. फोटो निशीचा, आणि त्यावर घरचं एक माणूस तिच्याबरोबर आत. कार्ड नसेल तर त्या माणसाने काचेबाहेर बसायचं आणि पोरीने एकटीने जायचं. निशी एकटी कुठली जाते? सध्या मला एका तात्पुरत्या चिठ्ठीवर सोडतात. एप्रिल संपला की चिठ्ठी संपली. जान्हवीने फोनवर अर्ज भरला आहे. आता ऑफिसातून एक मॅडम घरी येणार, निशीला बघणार, काय येतं, काय नाही ते विचारणार. मुलगी बघायला येणार म्हटल्यावर मी हा कागद घेऊन बसले. तुम्ही मोठे आहात, काय करावं ते कळवा. आणि लवकर कळवा, तुमच्या सवयीने चार दिवस विचार करत बसू नका.

अनघाला आशीर्वाद. माझ्या बोलण्याचा राग येत असेल तर येऊ द्या, लोभही त्याच्या जोडीला असू द्या.

आपली,
बेबी


बोपोडी, पुणे
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय बेबी,

जयभीम व आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. अनघाने फोटो मोठा करून दिला, तरी तुझे ल आणि त सारखेच दिसतात.

तीनच दिवसांत उत्तर देतो आहे, नोंद घ्यावी. माझं मत स्पष्ट आहे. मॅडम येणार म्हणजे ती परीक्षा आहे, आणि परीक्षेला तयारीनिशी बसायचं असतं. निशीकडून रोज करून घे. नाव विचारलं तर मान वर करणं, हाताने पाणी पिणं, कपडे नीट घालणं. आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्या 'यांना काय येतंय' म्हणूनच हिणवलं गेलं. आपण करून दाखवलं, म्हणून माझा भाचा आज तिथे विमानाने गेला. आपल्या घरातलं पोर परक्यासमोर उणं दिसता कामा नये. विचारतील त्याला ताठ मानेने हो म्हण. बेशिस्त मुलीला कोण पाण्यात सोडेल? कार्ड शहाण्या मुलीलाच देतील.

उज्ज्वलला सांग, मामाने गप्प बसायला शिकवलं नव्हतं. जान्हवीला आशीर्वाद. तुझ्या तब्येतीला जप आणि रबरी झग्यातला फोटो पाठव.

तुझा,
दादाराव


मरीन परेड
१६ मार्च २०२५

आ. भाऊ,

सप्रेम जयभीम. वि. वि. फोटो मिळणार नाही, पण बातमी मिळेल. तुमची नात पास झाली.

तुमचं पत्र आल्यापासून मी तिला घेऊन बसले. केळ्याच्या वेफर्सची पिशवी एका हातात आणि फ्रॉक दुसऱ्या हातात. एक बटण लावलं की एक वेफर. माझे हात सुजले, तिचं वजन वाढलं, पण शेवटी पुढची तिन्ही बटणं लावायला लागली. पेला दोन्ही हातांनी धरायचा हे शिकवलं. कोणी आलं की सोफ्यावर गुडघे जुळवून बसायचं हे शिकवलं. जान्हवी संध्याकाळी येऊन बघायची आणि म्हणायची, आई, छानच आहे, पण कशासाठी? मी म्हटलं, तुझी पोर आहे म्हणून. तिला वाटलं मी नेहमीसारखी पोरीला वळण लावते आहे. मॅडमसाठी चाललंय हे मी कशाला सांगत बसू.

मॅडम आली त्या दिवशी निशीला पिवळा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या. कपाळावर टेंगूळ होतं, त्याच्यावर पावडर थापली आणि पुढचे केस कापून कपाळावर आणले. फार गोड दिसत होती. जान्हवी घरी थांबणार होती, पण ऑफिसात ऐनवेळी काहीतरी निघालं. तिने फोन केला की मी येईपर्यंत मॅडमला बसवून ठेवा, काही उत्तरं देऊ नका. आता दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवतात का? मॅडम चिनी होती, बरोबर हिंदी बोलणारी एक बाई होती. अडलं कुठे?

त्यांनी विचारलं, आंघोळ करते का? म्हटलं करते. कपडे घालते का? निशीने लगेच बटणं लावून दाखवली. जेवते का हाताने? हो. संडासला जाते का? हो. रागावते का, स्वतःला इजा करते का? म्हटलं, गुणी पोर आहे हो, माझ्याच डोक्याला ताप आहे, तिला नाही. घरात एकटी सोडता येते का? मी म्हटलं, वाघीण आहे. हिंदीवाली बाई हसली. मॅडमने टॅबवर टिकटिक केलं. मी बेसनाचा लाडू पुढे केला, तो काही त्यांनी घेतला नाही, नियम आहे म्हणे. निशीने पाण्याचा पेला स्वतः उचलून मॅडमला दिला. एक थेंब सांडला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

जान्हवी आली. तिने एकेक प्रश्न आणि एकेक उत्तर मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत बसली. या पोरींना कौतुक म्हणून करता येत नाही.

तुमचा सल्ला लागू पडला हे एकदाच कबूल करते, परत म्हणणार नाही. अनघाला आशीर्वाद. आमच्यावर आहे तेवढी माया आटू देऊ नका.

आपली,
बेबी


बोपोडी
१८ मार्च २०२५

प्रिय बेबी,

जयभीम व आशीर्वाद. वि. वि. आजच पेढे आणले आणि गल्लीत वाटले. कुणी विचारलं कशाचे, तर नातीच्या परीक्षेचे म्हणून सांगितलं. अनघा म्हणाली, बाबा, थोडं थांबा, कार्ड हातात येऊ द्या. मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

जान्हवी का नाराज झाली ते मात्र कळलं नाही. तिला विचार, आणि बोलणी खाल्लीस तरी उलट बोलू नकोस. तुझ्याकडून एवढंच जमलं तरी खूप. निशीला पापी दे.

तुझा,
दादाराव


मरीन परेड
२० एप्रिल २०२५

आ. भाऊ,

जयभीम. वि. वि. पेढे परत घेता येत असतील तर घ्या.

कार्ड नाही म्हणून पत्र आलं. जान्हवीने मोठ्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं. मुलगी सगळं स्वतःचं स्वतः करते, एकटी राहू शकते, तिला सोबतीची गरज दिसत नाही. पाहणीच्या वेळी प्रत्यक्ष करून दाखवलं, असंही लिहिलं आहे. म्हणजे बटणं.

मी म्हटलं, अगं पण मी तर चांगलंच सांगितलं. तेव्हा ती इतके दिवस धरलेलं बोलली. "आई, तिला काय काय येत नाही ते सांगायला त्यांना बोलावलं होतं." ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडले असते. भाऊ, हे कुणी मला आधी का सांगितलं नाही? परीक्षा म्हटल्यावर पास व्हायचं एवढंच मला माहीत. नापास होण्याची परीक्षा असते हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही मॅट्रिक आहात. तुमच्यावर फार राग आला होता. दोन दिवस मनात तुम्हाला शिव्या दिल्या. मग कळलं की त्या मॅडमला 'हो' तुम्ही म्हटलं नव्हतं, ते माझ्या तोंडातून निघालं.

मी स्वतः त्या ऑफिसात गेले. बसमध्ये मनात हिंदी जुळवत गेले. खिडकीवरच्या पोराला म्हटलं, मी खोटं बोलले, ती काही करत नाही, पुन्हा लिहा. त्याला माझं हिंदी कळलं नाही. त्याने कंप्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "कॅनॉट, आंटी." एवढं मला कळलं.

आता अपील करता येतं, एकदाच. उज्ज्वलने रात्री बसून सगळं वाचलं. घरातले व्हिडिओ द्या म्हणाले आहेत, म्हणजे पुरावा. परवा निशीचं बिनसलं आणि ती भिंतीकडे गेली. मी उठले तर जान्हवी म्हणाली, आई, थांबा, धरू नका, थोडं व्हिडिओत येऊ द्या. तिच्या हातात फोन होता आणि फोनच्या मागे तिचं तोंड वाकडं झालं होतं. मी थांबले. डोकं आपटल्याचा आवाज येत होता आणि आम्ही दोघी बायका, एक आई आणि एक आजी, उभ्या. मग मी फोनवर फटका मारला आणि निशीला मिठीत धरलं. माझा ओठ फुटला तिच्या डोक्याने. जान्हवी खाली बसून फोन उचलताना म्हणाली की पुरेसं आलंय.

तिची आणि माझी भांडणं संपली आहेत. भांडायला तोंडात जीव लागतो.

अपिलाला आम्हाला बोलावतील तेव्हा काय बोलू ते कळवा. या खेपेला विचार करून कळवा, घाई नाही, आणि हे मी म्हणते आहे.

अनघाला आशीर्वाद. तुमचा माझ्यावरचा लोभ अजून शिल्लक असेल तर असू द्या.

बेबी


बोपोडी
२९ एप्रिल २०२५

प्रिय बेबी,

जयभीम व आशीर्वाद. वि. वि. नऊ दिवस विचार केला. दोष वाटत बसू नकोस. माझा वाटा मी घेतला, तू पुढचं बघ.

उज्ज्वलच्या जातीच्या दाखल्याच्या वेळची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझे यजमान आजारी होते म्हणून त्या चौकशीला त्याला घेऊन मी गेलो होतो. साहेबाने विचारलं, तुमच्याकडचे लोक गावात काय काम करायचे? मी सगळं सांगितलं. मेलेलं ढोर कोण ओढायचं, कुणाच्या दारात कुठवर जायचं, काही राखलं नाही. कागद आपल्या हक्काचा होता, त्यात लाज नव्हती. पण उज्ज्वल माझ्या शेजारी उभा होता, सोळा वर्षांचा. शाळेत पहिला येणारा. घरी येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नंतरही त्यावर कधी बोलला नाही. दाखला मिळाला.

तेव्हा तू खरं ते सगळं सांग. मान खाली घालू नकोस आणि एकही गोष्ट झाकू नकोस. फक्त सांगताना निशीला दुसऱ्या खोलीत बसव. तिला कळत नाही असं तुम्ही सगळे धरून चालता. मला ऐकू येत नाही म्हणून घरातले माझ्यासमोर माझ्याविषयी बोलतात, आणि त्यांच्या तोंडांकडे बघून मला सगळं कळतं.

ओठाला हळद लाव. जान्हवीला सांग, मामांना तिचं कौतुक आहे.

तुझा,
दादाराव


मरीन परेड
८ जून २०२५

आ. भाऊ,

सप्रेम जयभीम. वि. वि. उशीर झाला. त्यानंतर तुमची आणखी तीन पत्रं आली, तीही वाचली. मजकूर जुळत नव्हता म्हणून लिहिलं नाही.

तुम्ही सांगितलं तसं करायला गेले होते. अपिलाच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधीच जान्हवीकरवी म्हटलं की मुलीला बाहेर बसवू द्या. नियम असा आहे की जिचा अर्ज ती समोर पाहिजे. आणि बाहेर बसवायची तर एकटी बसवावी लागली असती. उज्ज्वलला त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. ती बाहेर एकटी बसली असती तर आमचा अर्जच खोटा पडला असता. तेव्हा निशी माझ्या आणि जान्हवीच्या मधे बसली.

दोन साहेब आणि एक मॅडम होते. चांगली माणसं होती, पाणी दिलं, घाई केली नाही. ते विचारायचे, मी मराठीत सांगायचे, जान्हवी इंग्रजीत करायची. मी काही झाकलं नाही. आंघोळ मी घालते. पाळी आली की काय करते, कपडे कसे फेकते, हात कुठे कुठे पुसते, ते सांगितलं. संडास झाली तरी सांगत नाही म्हटलं. आईला चावली होती ती खूण जान्हवीने बाही वर करून दाखवली. बटणं मी वेफर्स देऊन शिकवली, आता पुन्हा विसरली, म्हटलं. घरात एकटी ठेवली तर जिवंत सापडणार नाही म्हटलं. जान्हवी एके ठिकाणी अडखळली, मी म्हटलं, सांग, सगळं सांग.

आणि निशीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

मारला नाही, भाऊ. ठेवला. तळवा उघडा, मऊ, जसं मी तिला लहानपणी गप्प करायची तसा. "नको," म्हणाली. "आज्जी, नको." दोन शब्द एकत्र तिने आयुष्यात पहिल्यांदा जोडले. मी तो हात बाजूला केला आणि पुढचं सांगितलं. अर्धं सोडलं तर कार्ड मिळणार नाही, असं त्या वेळी डोक्यात होतं. तिने पुन्हा हात ठेवला, मी पुन्हा काढला. मग ती मान खाली घालून बसली आणि फ्रॉकचा काठ चघळत राहिली. जान्हवी शेवटची वाक्यं बोलताना भिंतीकडे बघत होती.

कार्ड नाही. मागच्या आठवड्यात कळलं. दोन वेळचे जबाब जुळत नाहीत, आणि व्हिडिओ एकाच दिवसाचा आहे, असं लिहिलं. आणखी एक ओळ आहे, ती जान्हवीने मला दोनदा सांगितली. आजी बोलत असताना मुलीने योग्य ठिकाणी विरोध दाखवला, म्हणजे तिला बोलणं समजतं आणि स्वतःचं मत सांगता येतं. नवा अर्ज एक वर्षानंतर करा. उज्ज्वलने पत्र वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. बायकोजवळ जाऊन बसला, एवढं मी पाहिलं.

सेंटरवाल्यांनी एकदा करून बघितलं. मला काचेबाहेर बसवलं आणि त्यांच्या एका मुलीबरोबर निशीला आत नेलं. कपडे बदलायच्या खोलीतूनच आरडाओरडा ऐकू आला. ती मुलगी ओरबाडलेली बाहेर आली, तरी मला सॉरी म्हणत होती. त्यांनी कार्ड होईपर्यंत आणू नका म्हणून सांगितलं. एका रविवारी ईस्ट कोस्टला समुद्रावर नेलं. लोक सायकली चालवत होते, पोरं वाळूत खेळत होती. निशीने पाय पाण्यात घातला, लाट आली तशी मागे सरली, आणि परत काही केल्या गेली नाही. घरी आल्यावर भिंत. आता डोक्याला घालायला फोमचं टोपरं मागवलं आहे, हनुवटीखाली पट्टा असलेलं. कपाळाला लागत नाही, पण आवाज येतोच.

जान्हवी म्हणते, वर्षाने पुन्हा भरू. भरेल ती. मी हो म्हणते. वर्षाने निशी आणखी मोठी होईल, आणि मला तेव्हा ती धरवेल की नाही ते मला माहीत नाही. हे जान्हवीला सांगितलेलं नाही, पण ती हा कागद फोटो काढताना वाचेल, तेव्हा सांगितल्यासारखंच आहे.

आणि एक झालं आहे. मी घरात कोणाशीही बोलायला लागले, जान्हवीशी, फोनवर, दारात पार्सलवाल्याशी, की निशी असेल तिथून उठून येते आणि माझ्या तोंडावर हात ठेवते. बोलणं तिच्याबद्दल नसलं तरी. मी काढला की परत ठेवते. मी आता काढत नाही. गप्प बसते, तेव्हा जाते. तुम्ही मला जन्मभर म्हणायचात की बेबी, तोंड आवर. आवरलं.

लिहिताना ती काही करत नाही. आत्ता शेजारी बसली आहे, टोपरं घालून, आणि मी हिच्याविषयीच लिहिते आहे.

अनघाला आशीर्वाद. आमच्याबद्दल मनात जे असेल ते असू द्या, पत्र मात्र टाकत जा.

आपली,
बेबी